बाइक मऊ करायची असेल तर आधी शॉकअपला हात लावू नका

आई माझ्या मागे बसून भांडुप स्टेशनवरून घरी येत होती. एलबीएस मार्गावर मेट्रो ४ चे पत्रे लागलेत, त्यांच्या कडेने जाताना रस्ता कधी डांबर, कधी पेव्हर ब्लॉक, कधी नुसती लोखंडी प्लेट. तिसऱ्या दणक्याला आई म्हणाली, "अरे, तू गाडी चालवतोस की नांगर?"

दुसऱ्या दिवशी मी जवळच्या एका गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री म्हणाला, "शेठ, शॉकअप टाइट आहे, एकदम सॉफ्ट करून देतो." दोन मिनिटांत त्याने दोन्ही बाजूंचे शॉकअप पहिल्या खाचेवर आणले, सीटवर हात दाबून दाखवला, गाडी छान खालीवर झाली. मीही खूश. आणि त्याच संध्याकाळी जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) एका स्पीडब्रेकरवर आईसकट जो धाडकन आवाज आला, त्यानंतर ती आठवडाभर रिक्षानेच फिरली.

त्या आठवड्यात मी टेप, वही आणि एक हवा मोजायचं मीटर घेऊन बिल्डिंगखाली बसलो आणि हा सगळा प्रकार मुळापासून समजून घेतला. माझी गाडी स्प्लेंडर आहे, म्हणून उदाहरणं तिचीच. पण क्रम कुठल्याही बाइकला किंवा स्कूटरला हाच. हत्यारं फार लागत नाहीत. लागते ती एक रविवारची सकाळ आणि मदतीला एक माणूस.

दणका नक्की कुठून येतो

शॉकअपमध्ये दोन वेगळी कामं चालतात. स्प्रिंग वजन पेलते आणि खड्डा गिळते. आतलं तेल त्या स्प्रिंगला उगाच नाचू देत नाही, म्हणजे एकदा दबली की सावकाश परत वर येऊ देते. पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाइप) असो की मागची जोडी, तत्त्व एकच.

आता मागच्या शॉकअपवर जी खाचांची कॉलर असते, ती फिरवली की स्प्रिंग कडक किंवा मऊ होते असा आपला सगळ्यांचा समज असतो. स्प्रिंग तीच राहते. कॉलर फक्त ठरवते की स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवायची, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली जाणार. खाच कमी केली की गाडी जास्त खाली बसते. मग खड्डा आला की खाली जायला जागाच उरत नाही आणि शॉकअप शेवटच्या रबरावर जाऊन आपटतो. तो धाडकन आवाज तिथला. मिस्त्रीने हाताने दाबून दाखवलं तेव्हा तिथे ना माझं वजन होतं, ना आईचं.

हे हलक्या गाड्यांना जास्त जाणवतं. स्प्लेंडरचं वजन साधारण ११२ किलो. मी ७२, आई ५८, म्हणजे आम्ही दोघंच १३०. गाडीपेक्षा तिच्यावरचं ओझं जास्त! एकटा बसलेला माणूस आणि डबलसीट, हा त्या गाडीसाठी जवळजवळ दोन वेगवेगळ्या गाड्यांचा हिशोब आहे. त्यामुळे कायमची एकच सेटिंग शोधत बसलात तर सापडणार नाही.

पहिली पायरी: हवा

सगळ्यात आधी हवा, कारण अर्धी कडक गाडी इथेच मऊ होते. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, आणि बारीक खडबडीत रस्ता, पेव्हर ब्लॉकची टरटर, रस्त्यावरची खडी, हे सगळं शॉकअपपर्यंत पोहोचायच्या आधी टायरच गिळतं.

पंपावर गेलात की हवावाला विचारत नाही. पुढे-मागे पस्तीस मारतो, कधी चाळीस. माझ्या गाडीत मोजली तेव्हा पुढे ३८ आणि मागे ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) निघाली. स्प्लेंडरला पुढे २५, मागे एकट्यासाठी २८ आणि डबलसीटला ४० च्या आसपास लागते. म्हणजे एकटा ऑफिसला जाताना मी मागे दगडावर आणि पुढे विटेवर बसून जात होतो.

तुमच्या गाडीचा आकडा चेनकव्हरवर, स्विंगआर्मवर (म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर), सीटखाली किंवा मॅन्युअलमध्ये असतो. कधी तो किलोमध्ये लिहिलेला असतो, १.७५ किंवा २.०० असा. त्याला १४.२ ने गुणलं की पीएसआय. मित्राने सांगितलेला आकडा घेऊ नका, त्याची गाडी वेगळी, टायर वेगळे.

हवा थंड टायरवर मोजायची. पाच किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर टायर तापून आकडा दोन-तीन पीएसआयने जास्त दाखवतो. म्हणून एक छोटं मीटर घरी ठेवा, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. सकाळी खाली उतरल्यावर आधी मोजा, मग काय ते ठरवा. पंपाची मशीन चुकते, घरचं मीटरही थोडं चुकत असेल, पण ते रोज तेवढंच चुकतं, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

आणखी मऊ हवी म्हणून दिलेल्या आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका. जुलैमध्ये पाण्याखाली लपलेला खड्डा लागला की कमी हवेचा टायर रिमपर्यंत दबतो. ट्यूब असेल तर ती चिमटून दोन भोकं पडतात, ट्यूबलेस असेल तर रिमच वाकते. रिम सरळ करून घ्यायला जे पैसे गेले, त्यात माझ्या तीन महिन्यांच्या रिक्षा झाल्या असत्या.

टायरवरची तारीखही बघून घ्या. बाजूला चार आकड्यांचा ठसा असतो, समजा २३१९. म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही शिल्लक असू दे, रबर जुनं झालं की टणक होतं, आणि त्या टणकपणावर शॉकअपची कुठलीही खाच चालत नाही.

दुसरी पायरी: दुखणं दुसरीकडे तर नाही ना

हे दहा मिनिटांचं काम आहे, पण लोक हेच टाळतात. गाडी मेन स्टँडवर घ्या. मागून कोणाला तरी दाबून पुढचं चाक उचलायला सांगा आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यभागी कुठे खटकन अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. मग पुढचं चाक खाली दोन्ही हातांनी धरून मागेपुढे ओढा. टकटक झालं तरी कोनसेटच, सैल झालेला किंवा संपलेला. मागचं चाक आडवं हलवून बघा. ते डुगडुगत असेल तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग.

शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या कड्यांत रबरी बुश असतात. ते चिरले की प्रत्येक खड्ड्याला टक् असा सुका आवाज येतो आणि आपण शॉकअपला शिव्या घालतो. बुश स्वस्त असतो, शॉकअप नसतो. आधी बुश बघा.

मग शॉकअपच्या अंगावर हात फिरवा. तेलकट चिकट धूळ लागली तर सील (तेल आत अडवणारं रबर) गेलंय. गाडी स्टँडवरून काढा, सीट एकदा जोरात दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन जागेवर थांबली तर ठीक. दोन-तीनदा होडीसारखी डुलली तर आतलं तेल संपलं किंवा पार पातळ झालं. साध्या गाड्यांचे मागचे शॉकअप सहसा उघडून दुरुस्त करत नाहीत, बदलतात. आणि बदलायचे तर जोडीनेच. एक नवा एक जुना लावला की गाडी वळणावर तिरपी वागते.

माझ्या गाडीत इथेच एक गंमत सापडली. ती मी सेकंडहँड घेतलेली. मिस्त्रीकडे जायच्या आधी काढलेल्या फोटोत बघितलं, तर डावा शॉकअप चौथ्या खाचेवर आणि उजवा दुसऱ्या. दीड वर्ष मी तशीच चालवली होती.

तिसरी पायरी: गाडी किती बसते ते मोजा

याला सॅग म्हणतात, पण शब्द सोडून द्या. प्रश्न एवढाच आहे की तुम्ही बसल्यावर मागची बाजू किती मिलिमीटर खाली जाते.

गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक हवेत. आता शॉकअप पूर्ण सुटलेला आहे. चाकाच्या एक्सलच्या नटाच्या मध्यापासून सरळ वर, मागच्या पॅनेलवर कागदी टेपचा एक तुकडा चिकटवा आणि त्यावर पेनाने रेघ मारा. नट ते रेघ अंतर मोजा आणि लिहून घ्या. माझं ५१२ मिमी आलं.

गाडी स्टँडवरून काढा, सरळ उभी धरा, दोनदा हलकेच दाबून सोडा आणि परत मोजा. ५०४ आलं. म्हणजे स्वतःच्या वजनाने ती ८ मिमी बसते.

आता तुम्ही बसा. नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट घालून, ऑफिसची बॅग पाठीला लावून, दोन्ही पाय फूटरेस्टवर. पुढून कोणीतरी हँडल धरायला हवं, दुसऱ्याने टेप धरायचा. माझ्याकडे हँडलला वॉचमनकाका आणि टेपला माझी भाची होती, सातवीतली. ती म्हणाली, "मामा, पोट आत घेऊन काय होणार, वजन तेवढंच आहे."

मिस्त्रीने ठेवलेल्या पहिल्या खाचेवर मी एकटा बसलो तर ४७७, म्हणजे ३५ मिमी खाली. आई मागे बसल्यावर ४५७, म्हणजे ५५ मिमी. आई टेकेपर्यंतच गाडी अर्ध्याहून जास्त संपलेली, वर खड्डा यायचा बाकीच.

ढोबळ नियम असा की शॉकअपची एकूण जी हालचाल आहे, तिच्या पाव ते एक तृतीयांश एवढी जागा बसल्यावर गेलेली चालते. ऑफिसला ये-जा करायच्या साध्या बाइकवर एकट्याला हा आकडा २५ ते ३० मिमीच्या आसपास येतो. ३५ च्या पुढे गेला तर खाच वाढवा. २० पर्यंतच जात असेल तर खाच कमी करा, कारण मग चाक खड्ड्यात खाली उतरायला मागत नाही आणि प्रत्येक खळग्यावर गाडी उडते. दोन्ही टोकांना गाडी कडकच लागते. फरक एवढाच की एका टोकाला ती आपटते आणि दुसऱ्या टोकाला ठोकते.

चौथी पायरी: खाच फिरवणं

स्प्लेंडरला पाच खाचा असतात, रॉयल एनफिल्डच्या आताच्या क्लासिक ३५० ला सहा, ॲक्टिव्हा ६जी ला मागे तीन. पहिली खाच म्हणजे स्प्रिंग सगळ्यात कमी दाबलेली. कॉलर बघितलीत तर ती जिन्यासारखी कापलेली दिसेल, आणि एक टोक त्या जिन्याच्या एखाद्या पायरीवर टेकलेलं असेल. ते टोक जितक्या उंच पायरीवर, तितकी स्प्रिंग जास्त दाबलेली. कोणत्या बाजूने मोजायचं यात गोंधळ होतो, म्हणून आकड्यावर जाऊ नका, जिना बघा.

गाडी मेन स्टँडवरच असू द्या, म्हणजे स्प्रिंगवर वजन नसतं आणि कॉलर सहज फिरते. सायलेन्सर थंड असायला हवा, उजव्या बाजूचा शॉकअप त्याच्या अगदी शेजारी असतो. टूलकिटमध्ये एक वाकडा हुक पाना येतो. तो कॉलरच्या भोकात किंवा दातात नीट बसवून ओढायचा. आपल्याकडे समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे कॉलर गंजून जाम झालेली असतेच. आधी ब्रशने माती काढा, गंजावर मारायचा स्प्रे मारा आणि चहा पिऊन या. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी लावून ठोकाठोक करू नका, कॉलरचे दात गोल झाले की मग पानाही धरत नाही. जाड हातमोजा घाला. माझा पाना घसरला तेव्हा बोटाची सालटी नंबरप्लेटला लागून निघाली, आणि ती जखम बघितल्याशिवाय हातमोज्याचं महत्त्व कोणाला कळत नाही.

एका बाजूला एकच खाच फिरवा. मग लगेच दुसऱ्या बाजूला तेवढीच. फोन आला, दूधवाला आला, काहीही झालं तरी एक बाजू फिरवून उठू नका. शेवटी दोन्ही बाजूंचे फोटो काढून शेजारी-शेजारी ठेवून बघा.

परत मोजा. माझी तिसऱ्या खाचेवर एकट्याने २७ मिमी आली. पाचव्या खाचेवर आईला घेऊन ३९. म्हणजे एकटा असेन तर तीन, आई असेल तर पाच. इतकी साधी गोष्ट, आणि मी कंबरपट्टा विकत घेऊन बसलो होतो.

मागची बाजू वर-खाली झाली की दोन गोष्टी बदलतात, त्या बघून घ्या. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे आहे का ते परत तपासा. आणि रात्री हेडलाइट भिंतीवर टाकून बघा. मागे वजन जास्त आणि खाच कमी असेल तर दिवा वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो.

पाचवी पायरी: एकच रस्ता, एकच बदल

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. हवा कमी केली, खाच फिरवली, सीटकव्हर बदललं, आणि मग "बरी वाटते" म्हणतात. कशामुळे बरी वाटते ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

स्वतःचा एक ठरलेला फेरा आखा. माझा असा आहे: भांडुपहून एलबीएस मार्गाने गांधीनगर जंक्शन, तिथून जेव्हीएलआरवर पवईपर्यंत आणि परत. यात मेट्रो ६ च्या कामाचे तुकडे आहेत, एक उंच स्पीडब्रेकर आहे, पेव्हर ब्लॉकचा पट्टा आहे आणि थोडा गुळगुळीत काँक्रीटही आहे. उड्डाणपुलाचे सांधे बघायचे असतील तर पूर्व द्रुतगती मार्गावर जातो. रविवारी सकाळी साडेसहाला रस्ता रिकामा असतो आणि माणूसही ताजा असतो. संध्याकाळी सातला दमलेल्या अंगाने तपासलेली गाडी नेहमी कडकच लागते.

(खरा गुळगुळीत रस्ता मुंबईत आहे, नाही असं नाही. सागरी सेतू, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू. यातल्या एकावरही दुचाकीला प्रवेश नाही. शॉकअपची खरी गरज ज्यांना आहे, त्यांना पेव्हर ब्लॉक.)

फेऱ्यात कान आणि कंबर दोन्ही वापरा. पेव्हर ब्लॉकवर हातांना मुंग्या येतात का? मग हवेकडे किंवा पुढच्या फोर्ककडे बघा. स्पीडब्रेकर उतरताना मागून धाड आवाज येतो का? खाच वाढवा. उंचवट्यानंतर गाडी दोनदा डुलते का? तेल गेलंय, खाचेने काही होणार नाही. सांध्यावर मागचा भाग ठोकून वर फेकतो का? खाच एकने कमी करा किंवा हवा तपासा. फोनमध्ये लिहून ठेवा: तारीख, पुढची-मागची हवा, खाच, कोण बसलं होतं, काय वाटलं. चार ओळी पुरतात.

पुढचा फोर्क

साध्या गाडीच्या फोर्कला फिरवायला काहीच नसतं. म्हणून लोक त्याच्याकडे बघतच नाहीत, आणि हातांचं, खांद्यांचं दुखणं मात्र तिथूनच येतं.

एक छोटा प्रयोग करा. फोर्कच्या चकचकीत पाइपवर प्लास्टिकचा एक झिप टाय हलकासा आवळा, सरकेल एवढाच, आणि खाली सीलला टेकवा. फोर्कवर रबरी गेटर (पाइप झाकणारी घडीची टोपणं) असतील तर आधी वर सरकवा. मग नेहमीचा फेरा मारा. फोर्क दबला की सील त्या टायला वर ढकलतं आणि टाय तिथेच राहतो. परत आल्यावर दिसतं की फोर्क जास्तीत जास्त किती दबला. मोठा खड्डा घेऊनही टाय थोडाच सरकला असेल तर फोर्क अडकतोय किंवा तेल जाड आहे. पार वरपर्यंत गेला असेल तर तेल कमी किंवा संपलेलं.

फोर्कचं तेल बदलायचं असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. दोन वर्षांत किंवा वीसेक हजार किलोमीटरमध्ये ते काळं, पाण्यासारखं आणि लोखंडाच्या भुशाने भरलेलं निघतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं फोर्क ऑइल, प्रत्येक पाइपमध्ये मिलिलिटरमध्ये मोजून, दोन्हीकडे सारखं घालायला हवं. "अंदाजे" घालणाऱ्यासमोर उभं राहून मोजायचं भांडं मागा. तेल जास्त भरलं तर वर हवेला जागा कमी पडते आणि फोर्क शेवटी दगड होतो.

माझ्या गाडीत आधी एका गॅरेजने फोर्कमध्ये इंजिन ऑइल भरलं होतं. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "दादा, तेल ते तेलच." नोव्हेंबरमध्ये भरलं आणि डिसेंबरच्या थंड सकाळी फोर्क असा झाला की खड्डा थेट मनगटात. योग्य तेल घातल्यावर पहिल्याच स्पीडब्रेकरला फरक कळला. मऊपणासाठी सांगितलेल्या ग्रेडपेक्षा पातळ तेल घालायचा मोह होतो. आधी बरोबर ग्रेडचं नवं तेल घालून महिनाभर चालवा. बहुतेक वेळा पुढचं काही करायची गरज पडत नाही.

दुसरी एक गोष्ट मिस्त्रीकडूनच करून घ्या. मोठ्या खड्ड्यात पडल्यावर फोर्कचे दोन पाइप एकमेकांना किंचित वाकडे होतात, डोळ्यांना दिसत नाही, पण ते घासत-अडखळत चालतात. पुढचा एक्सल थोडा ढिला करून, गाडी जमिनीवर ठेवून फोर्क आठ-दहा वेळा दाबायचा आणि मग परत योग्य ताकदीने आवळायचा. दहा मिनिटांत फोर्क मोकळा होतो.

पावसाळ्यात दर दोन दिवसांनी पाइप ओल्या फडक्याने पुसा. चिखल वाळला की तो सीलमध्ये शिरतो, सील फाडतो, आणि गळणारं तेल डिस्कवर आलं तर ब्रेक लागत नाही. सील नुकतंच थोडं पाझरू लागलं असेल तर डस्ट सील वर सरकवून, जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मचा तुकडा आत गोल फिरवून माती काढता येते. नाहीच थांबलं तर नवं सील.

स्कूटरवाल्यांसाठी

ॲक्टिव्हा ६जी ला पुढे १२ इंची आणि मागे १० इंची चाक आहे. छोटं चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं, हे कुठल्याही सेटिंगने बदलत नाही. म्हणून स्कूटरवर हवा आणि वेग हेच मुख्य. तीन खाचांपैकी एकट्याला पहिली किंवा दुसरी, डबलसीटला तिसरी, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. पुढे पाय ठेवायच्या जागेत गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यांना मी काही सांगणार नाही, त्यांचा सॅग वेगळाच.

महागड्या बाइकवर शॉकअप किती वेगाने दबेल आणि परत वर येईल हे ठरवणारे, क्लिक-क्लिक करत फिरणारे स्क्रूही असतात. तिथे स्क्रू पूर्ण बंद होईपर्यंत हलकेच फिरवत क्लिक मोजा, मूळ आकडा लिहून ठेवा आणि मगच एका वेळी एक-दोन क्लिक बदला. परत येण्याचा वेग फार कमी ठेवलात तर सलग खड्ड्यांवर शॉकअप वर यायच्या आतच दुसरा खड्डा येतो, तो हळूहळू खाली बसत जातो आणि गाडी अचानक कडक होते. मऊ करायला गेलेल्यांची ही नेहमीची चूक.

आणि बसणाऱ्याचंही थोडं. दहा किलोची लॅपटॉप बॅग पाठीवर असेल तर प्रत्येक दणका मणक्यात जातो. ती कॅरिअरला बांधा. स्पीडब्रेकरच्या आधी ब्रेक सोडा, कारण ब्रेक दाबलेला असताना फोर्क आधीच खाली गेलेला असतो आणि गिळायला काही उरत नाही. मागच्याला आधी सांगा. आईला मी आता नुसतं "आलं" म्हणतो, ती सीटवरून बोटभर उठते.

गणपतीला गावी जाताना मागे बायको, तिच्या मांडीवर पिशवी आणि कॅरिअरला नारळाचं पोतं, अशी अवस्था असते. तेव्हा निघायच्या आदल्या रात्री पाचवी खाच आणि डबलसीटची हवा, आणि सामान शक्य तेवढं खाली आणि पुढे. गावाहून आल्यावर परत तिसरी खाच, मागे २८. मागच्या वर्षी मी हे विसरलो, आणि अनंत चतुर्दशीनंतर आठ दिवस एकटाच त्या भरलेल्या गाडीच्या सेटिंगवर जेव्हीएलआरभर उडत होतो. आता खाचेचा आकडा लिहिलेली पट्टी पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.